हसणाऱ्या बाईची रेकॉर्ड

शिकागोच्या दक्षिण भागात थॅडियस पेटिग्रू कुठे राहतो असं विचारलंत, तर शेजारीसुद्धा खांदे उडवतील. टब कुठे राहतो म्हणून विचारा. लहान पोरही बोट दाखवील.

नवख्या माणसाला वाटतं, हे नाव आकारावरून पडलं असणार. साठी उलटल्यावर आकारानेही नावाची बाजू उचलून धरली आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण नाव पडलं तेव्हा टब म्हणजे नुसती उदबत्तीची काडी होती, आणि काडीच्या टोकाला केसांचा गोल डोलारा. नाव आलं ते त्याच्या आईच्या न्हाणीघरातल्या टबावरून.

त्या काळी डीजे मंडळींची एक रीत होती. हाताला चांगली रेकॉर्ड लागली की तिच्या मधोमध चिकटवलेला गोल कागद आधी नाहीसा करायचा. कारण त्या कागदावर गाण्याचं नाव असे, आणि नाव म्हणजे इस्टेट. गर्दी नाचत असताना दुसरे डीजे टेबलापाशी येत, "काय टब, आई बरी आहे ना?" असं तोंडाने विचारत आणि मान वाकडी करून फिरत्या तबकडीवरचं नाव वाचत. फिरत्या तबकडीवरची अक्षरं वाचणारे महाभाग होते त्या गावात! शाळेत त्यांना फळ्यावरची स्थिर अक्षरं दिसली नव्हती, ही गोष्ट वेगळी. मग कुणी नावावर काळी पट्टी चिकटवी, कुणी भलत्याच गाण्याचा कागद डकवी.

टबचा मात्र अर्धवट कामावर विश्वास नव्हता. तो दुकानातून रेकॉर्ड आणायचा ती थेट न्हाणीघरात. टबात कोमट पाणी, भांडी घासायचा साबण, आणि त्यात तबकडीला स्नान. कागद सुटून वर आला की खरवडून साफ. एकदा सुद्धा वाजवायच्या आधी रेकॉर्ड अशी टकली होऊन बाहेर येई. दुसऱ्या दिवशी चर्चला जायच्या घाईत आई आंघोळीला बसे आणि तिच्या पाठीला कुठल्या तरी इटालियन कंपनीचं बोधचिन्ह चिकटून येई. ही बातमी फोडली लव्हेल गेन्सने, आणि नाव ठेवलंही त्यानेच. लव्हेल हा टबचा जिवलग मित्र आणि कट्टर वैरी. दोन्ही पदं त्याने आजवर सोडलेली नाहीत.

हाऊस नावाच्या नाचाच्या संगीताचा मान कुणाचा यावर आमच्याकडे अजून मारामाऱ्या होतात. त्याचा जन्म शहराच्या दुसऱ्या टोकाला एका गोदामात झाला, हे सगळ्यांना मान्य आहे. ज्या पोरांना घरात नाचू देत नव्हते, चर्चमध्ये उभं करत नव्हते, आणि जी पोरं पोरांच्याच प्रेमात पडली म्हणून आयांनी दारं लावून घेतली होती, त्यांनी तिथे आपलं एक घर मांडलं. पण ते वारं दक्षिणेकडे आल्यावर कुणाच्या अंगात आधी शिरलं, याचे दावेदार जितकी माणसं तितके. टबचा दावा साधा होता. नन्सच्या शाळेची व्यायामशाळा, शनिवारची संध्याकाळ, दारू बंद, सरबत चालू, आणि टेबलामागे तो.

टेबलावर यंत्रं दोन. उजवं टबच्या मामाचं, चांगलं. डावं नन्सच्या संगीताच्या वर्गातून मागून आणलेलं. त्याची वेगाची कळ कधीच मोडली होती. ते मिनिटाला पंचेचाळीस फेरे घेई, आणि जगबुडी झाली तरी पंचेचाळीसच घेई. वर्गात त्यावर लावलेली ईशस्तवनं खारींनी म्हटल्यासारखी वाजत. बहुतेक मोठ्या तबकड्या तेहेतीसच्या, त्या टब मामाच्या यंत्रावर लावी, पंचेचाळीसच्या नन्सच्या. कुठली कुठली हे सांगणारा कागद तर साबणाच्या पाण्यात गेलेला. मग ऐकून ठरवायचं. कानाला गोड लागली, म्हणजे बरोबर.

अशाच एका शनिवारी 'हसणारी बाई' पहिल्यांदा वाजली. नाव माहीत नाही म्हणून लोकांनीच हे नाव दिलं. आधी नुसता ढोल, मग बास, आणि मग एक बाई खळखळून हसायची. अशी, की सगळ्या व्यायामशाळेला गुदगुल्या व्हाव्यात. पोरं भिंतीला लावलेल्या दोरांवर चढली. एका ननचा पाय ठेका धरताना काही जणांनी पाहिला. ननने ते मरेपर्यंत कबूल केलं नाही. आणि दाराशी कोट सांभाळायला बसलेली रुथेटा नावाची मुलगी सगळ्यांचे कोट सोडून उठली आणि नाचायला आली. त्यानंतर दर शनिवारी शेवटची रेकॉर्ड तीच, आणि दर शनिवारी रुथेटा कोट सोडून उठे. त्या काळात कोटांच्या अदलाबदली फार झाल्या. टबचं आणि तिचं लग्नही त्यातूनच झालं.

पुढे व्यायामशाळेच्या पार्ट्या बंद पडल्या. टबने धुलाईयंत्रं दुरुस्त करायचा धंदा धरला. धुण्याशी त्याची गाठ जन्माचीच. दोन मुली झाल्या, वाढल्या, दूरच्या गावी गेल्या. रेकॉर्डी दुधाच्या क्रेटमध्ये घालून तळघरात उतरल्या. नाव नसलं तरी ओळख पटावी म्हणून रुथेटाने प्रत्येकीवर नेलपॉलिशचे ठिपके दिले होते: लाल म्हणजे तुफान, गुलाबी म्हणजे बरी, जांभळा म्हणजे लोक पाणी प्यायला जातात तेव्हाची. मग एका उन्हाळ्यात तळघरात पाणी शिरलं, ठिपके सुटले, आणि सगळ्या तबकड्या विधवेच्या कपाळासारख्या झाल्या. टब म्हणाला, "असू दे. आता कोण ऐकतंय?"

आता कोण ऐकतंय, ते यंदाच्या वसंतात कळलं. एकोणऐंशीव्या रस्त्यावर झकिया नावाच्या मुलीने जुनं नाचघर घेतलं आहे. तिची आई याच व्यायामशाळेत नाचलेली. झकियाने 'मुळांची रात्र' जाहीर केली: हाऊस जिथून आलं ती माणसं, त्यांच्याच रेकॉर्डी, त्यांच्याच हातांनी. रात्र हे नुसतं म्हणायला. जाहिरातीतच लिहिलं होतं: रविवारी, चर्च सुटल्यावर, अंधार पडायच्या आत समाप्त. खुर्च्यांची सोय आहे.

टबला बोलावणं आलं. पहिल्यांदा त्याने आरशात पाहून टोपी तिरकी केली, आणि मग त्याला रुथेटाचं बोलणं आठवलं.

हिवाळ्यात रुथेटाचा गुडघा बदलला. डॉक्टर म्हणाले, झकास बसलाय, आता चाला, हिंडा, नाचा. पण रुथेटा खिडकीजवळच्या खुर्चीत बसली ती बसलीच. काठी घेऊन स्वयंपाकघरापर्यंत जायची, परत यायची, आणि रस्त्यावरून जाणाऱ्यांच्या चालीला नावं ठेवायची. जिने आयुष्यभर पोस्टखात्याची थैली खांद्यावर घेऊन अख्ख्या वस्तीला पायी पत्रं वाटली, ती बाई आता दाराची घंटा वाजली तरी "टब, बघ रे" म्हणायची. टब रोज काही तरी निमित्त काढी. चल कोपऱ्यापर्यंत, चल तळ्यावर. एक दिवस ती वैतागली.

"हे बघ थॅडियस," ती म्हणाली. थॅडियस म्हटलं की टब उभा राहतो. "माझ्यामागे भुणभुण लावू नकोस. त्या हसणाऱ्या बाईसाठी उठेन मी. दुसऱ्या कुणासाठी नाही. आण ती आणि वाजव. नाही तर मला बसू दे सुखाने."

झालं. टब तळघरात उतरला.

सगळे क्रेट, सगळ्या टकल्या तबकड्या, एकीसारखी दुसरी. टबने एकेक लावायला सुरुवात केली. पोराबाळांची गाणी निघाली, ख्रिसमसची निघाली, कुणाच्या तरी लग्नातलं भाषण निघालं. चालत्या वेगात आवाज उंदरासारखा किंवा राक्षसासारखा आला तर टब कळ फिरवून पाही; माणसासारखा आला तर रेकॉर्ड नीट आहे असं समजून पुढे जाई. जुनी ओळख निघाली की पायऱ्यांखाली एकटाच नाचे. पण हसणारी बाई काही निघेना. एक तर अशी निघाली की ढोल प्रेतयात्रेसारखा, आणि कोण जाणे कुठल्या भाषेत एक बाई हुंदके देऊन रडते आहे.

वरून रुथेटाने काठी जमिनीवर आपटली. "कोण मेलं रे?"

"कुणी नाही. रेकॉर्ड आहे."

"मग तिला पुरून टाक!"

टबने ती संथ गाण्यांच्या क्रेटमध्ये टाकली. झकियाने जेवणाच्या वेळेला काही तरी सावकाश लावायला सांगितलंच होतं.

शेवटचा क्रेट संपला तेव्हा टब पायरीवर बसून राहिला. स्वतःच्या हाताने, साबण लावून, त्याने आपलाच खजिना स्वतःपासून लपवला होता. इतक्या चोखपणे तर लव्हेलपासूनही लपला नसेल.

"नाही सापडली?" रुथेटाने विचारलं.

"नाही गं."

"असू दे," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली. तिने टोमणा मारला नाही. टबला त्याचीच भीती वाटली.

रविवारी मात्र ती आली. नाचघराच्या भिंतीलगतची खुर्ची धरून, काठी आडवी, मांडीवर कापडी पिशवी. सभोवती सगळी जुनी पलटण. ज्यांच्या कमरा एके काळी रबराच्या होत्या, त्या आता पट्ट्यांनी आवळलेल्या. पण झकियाच्या आईने जमिनीवर टाल्कम पावडर शिंपडली मात्र, आणि सगळे बूट सराईतपणे घसरू लागले. कुणी शिट्टी आणली होती, कुणी खंजिरी. गालांवर घाम आणि हातात चर्चमधले पुठ्ठ्याचे पंखे. सुरुवातीला झकियाने दिवे मंद करून, जे आता नाहीत त्यांची नावं एकेकाने मोठ्याने घ्या, असं सांगितलं. फार नावं होती. त्या गोदामातल्या पोरांपैकी बरीचशी. मग कुणी तरी ओरडलं, "त्यांना रडकी माणसं आवडायची नाहीत, चला!" आणि ढोल सुरू झाला.

टबची पाळी जेवणाच्या आधी. त्याने चांगलंच वाजवलं. हात विसरले नव्हते. लोक ओरडत होते, "टब! टब! टब!" पण त्याची नजर भिंतीकडे. रुथेटाची मान ठेक्यावर हलत होती. खुर्ची मात्र हलत नव्हती.

"हसणारी बाई लाव की रे!" गर्दीतून कुणी तरी मागणी केली.

"नंतर, नंतर," टब म्हणाला आणि कपाळ पुसलं.

जेवण मांडलं गेलं. तळलेली कोंबडी, वर लाल सॉस ओतलेला, शिजवलेला पालेभाजीचा गोळा, पीचचं गोड. टबने संथ गाण्यांचा क्रेट ओढला आणि हाताला येईल ती रेकॉर्ड लावत गेला. लोक खात होते, दातांच्या तक्रारी सांगत होते. मग ती प्रेतयात्रा लागली. ढोल... ढोल... आणि बाईने पहिला हुंदका दिला.

तोच ताटल्यांच्या गर्दीतून लव्हेल गेन्स उसळून आला. लव्हेल आता चर्चमधला मोठा माणूस आहे. पिस्त्याच्या रंगाचा सूट, पिस्त्याचीच टोपी, बूटही त्याच झाडाचे. एका हातात कोंबडीची तंगडी, आणि ती त्याने टबच्या नाकासमोर धरली.

"लाज नाही वाटत तुला? म्हातारा झालास, आजोबा झालास, तरी तीच थट्टा?"

"कसली थट्टा? जेवणाचं गाणं आहे ते."

"जेवणाचं! अरे चोरा, हीच रेकॉर्ड मला विकत घ्यायला लावलीस तू!"

सगळ्यांचे काटे थांबले. टब म्हणाला, "मी? तुला?"

लव्हेलने तंगडी खाली केली. आवाजही थोडा खाली केला, पण फार नाही, कारण आता लोक ऐकत होते. "हे बघ, देवासमोर कधीच कबूल केलंय, आता तुझ्यासमोर करतो. त्या आठवड्यात मी तुझ्या मागे दुकानात आलो होतो. लपून. तू एकच रेकॉर्ड घेतलीस. तू गेल्यावर मी तीच घेतली. शनिवारी तू हसणारी बाई वाजवलीस आणि लोक दोरांवर चढले. मी धावत घरी गेलो, माझी लावली, आणि ही भवानी रडायला लागली! रात्रभर रडली. तू मला पाहिलं होतंस, म्हणून मुद्दाम ही रडकी उचललीस."

"मी तुला पाहिलंच नव्हतं!"

"मग खरी रेकॉर्ड कुठून आणलीस?"

"मी त्या आठवड्यात एकच आणली होती!"

"तेच तर म्हणतोय मी!"

"मी पण तेच म्हणतोय!"

यंत्रावर बाई मनापासून रडत होती. दोन म्हाताऱ्यांच्या डोक्यांत मिळून एक विचार यायचा होता, पण तो दारातच अडखळला होता.

"टब," भिंतीकडून रुथेटा म्हणाली.

"थांब गं, हा बघ काय म्हणतोय..."

"थॅडियस."

टब ताठ झाला. लव्हेलही झाला.

"ती रेकॉर्ड लावताना तू माझ्याकडे वळायचास," रुथेटा म्हणाली. "दर शनिवारी. टोपी सारखी करायचास आणि वळायचास, मला वाटायचं मला दाखवायलाच. मी कोट घेऊन कुठे बसायचे?"

"दाराशी."

"दार कुठे होतं, शहाण्या?"

टबने डोळे मिटले. व्यायामशाळा आठवली. टेबल, दोर, सरबताची बादली, कोटांचा ढीग. त्याचा हात आपोआप डावीकडे गेला.

"डावीकडे," तो म्हणाला. आणि मग, "नन्सचं यंत्र!"

"ज्याला दुसरा वेग येत नव्हता," रुथेटा म्हणाली.

लव्हेलच्या हातून तंगडी ताटलीत पडली. "म्हणजे तू... तेहेतीसची रेकॉर्ड... पंचेचाळीसवर? सगळा वेळ? आणि आम्ही तुला उस्ताद म्हणत होतो?"

"कागद धुतला होता ना," टब पुटपुटला. "कानाला गोड लागली."

त्याने सुई उचलली. सुई पुन्हा कडेला आणली, आणि पंचेचाळीसची कळ दाबली.

ढोल उभा राहिला. म्हणजे अक्षरशः उभा राहिला, प्रेतयात्रेतून उठून वरातीत शिरला. बास आला. खोलीतल्या पन्नाशी-साठीच्या सगळ्या कमरांनी कान टवकारले. आणि मग त्या रडणाऱ्या बाईने हुंदका द्यायला तोंड उघडलं, आणि ती हसली. खळखळून. तशीच. इतकी वर्षं तळघरात ती जीव तोडून रडत होती, तिला फक्त थोडी घाई करायला सांगायची होती.

कुणी किंचाळलं. ताटल्या जिथे जागा मिळेल तिथे ठेवल्या गेल्या. एक पीचचं गोड खुर्चीवर राहिलं आणि पुढे त्यावर कोण बसलं ते इथे सांगण्यासारखं नाही. टबने मात्र भिंतीकडेच पाहिलं.

रुथेटाने पिशवी उघडली होती. आतून सोनेरी बूट निघाले, बसक्या टाचेचे, जुने. म्हणजे ते घेऊनच ती घरून निघाली होती! सापडली नाही हे ऐकूनसुद्धा! ती वाकली, एक चढवला, दुसरा चढवला. काठी धरून उठली. दोन पावलं काठीसकट आली. मग डीजेच्या टेबलापाशी येऊन काठी कडेला अडकवली, कोट अडकवावा तशी.

लव्हेलने खिशातून पावडरचा डबा काढला आणि अदबीने तिच्यासमोर शिंपडायला वाकला.

"मेल्या, पावडर नको!" रुथेटा ओरडली. "गुडघा नवा आहे!"

लव्हेल चपापून डबा खिशात घालू लागला, तो उलटा घातला, आणि पिस्त्याचा सूट बर्फीचा झाला. रुथेटा हसली. रेकॉर्डवरची बाईही हसली. कोण कुणाला साथ देत होतं, सांगता येत नव्हतं. ती फार नाचली नाही. खांदे, कंबर, एक पाय जरा जपून. पण टबला ती कोटाचा ढीग सोडून आलेली मुलगीच दिसत होती. आणि त्याला रडू आलं, तेही तेहेतीसच्या वेगाने.

तोवर झकियाच्या वयाचे दोन-तीन डीजे टेबलाला येऊन चिकटले. प्रत्येकाने फोन हवेत धरला होता. हल्ली म्हणे फोन गाणं ऐकतो आणि नाव सांगतो. या फोनांनी खूप वेळ ऐकलं आणि हात टेकले. बिचाऱ्यांना ही बाई रडतानाच माहीत असणार.

"काका, नाव काय या रेकॉर्डचं?" एकाने मान वाकडी करत, फिरत्या टकल्या तबकडीकडे बघत विचारलं. "आणि आई... म्हणजे काकू बऱ्या आहेत ना?"

टबला खरोखरच माहीत नव्हतं. माहीत होतं एकट्याला, ज्याच्या रेकॉर्डवरचा कागद कुणी धुतला नव्हता. टबने लव्हेलकडे पाहिलं. इतकी वर्षं जो नाव मिळवण्यासाठी झुरला, ज्याच्याजवळ ते सगळा वेळ होतं, तो पांढराफटक लव्हेल अंग झटकत पुढे आला, टेबल आणि पोरं यांच्यामध्ये ऐसपैस उभा राहिला आणि तबकडी पाठीने झाकून म्हणाला, "नाव? कसलं नाव? जा, नाचा जाऊन."

अंधार पडायच्या आत सगळे घरी गेले. काठी टेबलालाच राहिली.

सकाळी रुथेटाने हाक मारली. "टब, जा रे, काठी घेऊन ये. गुडघा ठणकतोय. आणि येताना लवकर ये, तळ्यावर जायचंय म्हणतोस ना रोज?"

टब बूट घालत होता. ती पुढे म्हणाली, "आणि ती रेकॉर्ड तळघरात नको ठेवूस. वर ठेव. खाली पाणी येतं."

"काही चिकटवू का तिच्यावर? नाव-बिव?"

"लाल ठिपका देते मी," रुथेटा म्हणाली, आणि नेलपॉलिशची बाटली आणायला स्वतः उठली.